लागलं म्हणायचं नाही

दमलेल्या माणसाला कुणी नवीन वस्तू आणून दाखवू नये. त्याला तिचं कौतुक वाटत नाही, ही आता ठेवायची कुठे एवढाच प्रश्न पडतो. साडूंनी बॅटरीवर चालणारी नट कसायची गन दुकानात आणली आणि लहान बाळ दाखवावं तशी फडक्यातून उलगडून दाखवली, तेव्हा मी म्हणालो, "फळीवर ठेवा. आणि फळी आधी पुसा."

आमचं दुकान चाकांचं. पंक्चर काढायचं, टायर बदलायचे, चाकं उतरवायची आणि चढवायची. दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांना दोन मुलीच. थोरली मला दिली, धाकटी ह्यांना, आणि सासरे गेल्यावर दुकान आम्हा दोन्ही जावयांच्या गळ्यात पडलं. साडू हे मोठं अवघड नातं आहे. सख्खा भाऊ असता तर तोंडावर शिवी हासडता आली असती, नोकर असता तर काढून टाकता आला असता. साडूच्या बाबतीत दोन्हीची सोय नाही. ते घरचे जावई, मीही घरचा जावई, त्यामुळे कितीही खेकसायचं झालं तरी 'तुम्ही' म्हणूनच खेकसावं लागतं. "अहो, तुम्हाला अक्कल आहे का?" असं मी त्यांना रोज विचारतो, पण आदराने.

विचारावंच लागतं, कारण त्यांना विसरायचा रोग आहे. पाना ठेवतील आणि दुकानभर शोधत फिरतील. एकदा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडेच संशयाने बघत होते. माणूस सोन्यासारखा, पण डोक्याला भोक आहे.

माझं डोकं शाबूत आहे, खांदा गेलाय. लांब दांड्याचा पाना ओढून ओढून उजवा खांदा इतका कामातून गेलाय की शर्ट घालताना आधी तो हात घालतो, मग थोडा थांबतो, मग दुसरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आता बरा होण्यातला राहिला नाही, सांभाळण्यातला आहे." बायकोने तेवढंच वाक्य उचललं. दोघी बहिणींचं काय ठरलं कोण जाणे, पण गन आणायची कल्पना साडूंची नव्हे, एवढं मला कळतं. ज्या दिवशी गन आली त्याच दिवशी बायकोने मला ताटावर बसवून सांगितलं, "बघा जमतंय का त्या मशीनने. जमलं तर ठीक. नाही जमलं तर दुकान भाऊजींवर सोडा आणि घरी बसा."

घरी बसा. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका घरी बसलेत. सकाळी आलेलं वर्तमानपत्र ते संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून वाचतात, आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की दार उघडून "कोण, कोण?" करतात. मला त्यांचा राग येतो, आणि राग येतो कारण भीती वाटते. म्हणून मी गन हातात घेतली.

साडूंनी सोबतची माहिती वाचून पाठ केली होती. जो माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारतो, त्याला हे सगळं तोंडपाठ! नट आधी हाताने लावायचा, चांगले आटे धरेपर्यंत फिरवायचा, मगच गन लावायची. गन दोन्ही हातांनी धरायची, पाय नीट रोवून. डोळ्यांवर चष्मा, तो कपाळावर नव्हे. सैल कापडी हातमोजे चालणार नाहीत, धागा अडकला तर बोटं ओढली जातील. गनच्या तोंडाला लावायची, नटावर बसणारी गोटी बदलताना आधी बॅटरी काढायची. आणि गोटी म्हणजे ही, गनसोबत आलेली काळी, जाड. जुन्या चकचकीत गोट्या हिला लावायच्या नाहीत.

"का? त्यांना काय झालंय?" मी विचारलं. माझ्या खिशात सासऱ्यांची चकचकीत गोटी असते, नेहमीच असते. ती मला त्यांनी स्वतःच्या हाताने दिली होती.

"त्या हाताच्या पान्याच्या, साडूभाऊ. ही बया नुसती फिरवत नाही, आतून ठोके मारते. ते त्यांना सोसत नाहीत, फुटतात."

"आणि एवढं करून नट घट्ट होतो?"

"होतो, पण किती ते तिचं तिलाच माहीत. कधी कमी, कधी जास्त. म्हणून शेवटचा पिळा, हवा तेवढा घट्ट झाला की टक् वाजणाऱ्या पान्यानेच द्यायचा. तो मी देईन."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, सासऱ्यांच्या दुकानात सासऱ्यांच्या धाकट्या जावयाने मला नट लावायला शिकवावं, एवढाच दिवस बघायचा राहिला होता. माझाही एक हट्ट होता, तो मी लगेच ऐकवून घेतला. घोडी. घोडी म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायची लोखंडी तिवई. जॅक दगा देतो, घोडी देत नाही. चाक उतरवायच्या आधी घोडी लागलीच पाहिजे, यावरून मी साडूंचं डोकं इतकी वर्षं खाल्लंय की माझा आवाज ऐकताच ते घोडीकडे बघतात.

आमच्याकडे चाकाचं काम दोघांचं असतं. एक जण जॅकच्या दांड्यापाशी, गाडीच्या मागे. दुसरा चाकापाशी, बाजूला. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. चाक चढवून नट कसून झाले की चाकवाल्याने घोडी ओढून काढायची आणि ओरडायचं, "लागलं!" म्हणजे चाक लागलं, आता जॅक सोडा. हा पायंडा सासऱ्यांनी पाडला. दिवसभर आमच्या दुकानात दुसरं काही ऐकू आलं नाही तरी हा शब्द येतो. बायको म्हणते, मी झोपेतही कधीकधी ओरडतो.

पहिले काही दिवस बरे गेले. कुणाला सांगितलं नाही, पण बरे गेले. जो नट सोडवताना मला खांद्यापासून कानापर्यंत कळ यायची, तो ही बया गरगर करून दोन ठोक्यांत सोडायची. संध्याकाळी शर्ट काढताना मध्ये थांबावं लागत नव्हतं. बायकोने विचारलं, "जमतंय का?" मी म्हटलं, "बघू." तिला तेवढ्यावरूनही कळलं असणार.

पण दमणं काही खांद्यापुरतं नसतं. त्या दिवशी सकाळपासून दुकानापुढची रांग हलत नव्हती. एक गाडी गेली की दुसरी नाक खुपसायची. गुडघे टेकून टेकून पँटला गुडघ्यांचा आकार आला होता. उन्हं कलली तेव्हा एक मालाची बंद गाडी आली, पोटभर भरलेली, मागचे दोन्ही टायर गुळगुळीत. ड्रायव्हर उतरला तोच झोपेत. "माल पोचवायचाय हो," एवढंच म्हणाला आणि आमच्या लाकडी खोक्यावर बसून, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरायला लागला. मला त्याचा हेवा वाटला.

पहिल्या बाजूचं चाक आम्ही शहाण्यासारखं केलं. घोडी, हाताने नट, काळी गोटी, शेवटी टक्. मग जॅक दुसऱ्या बाजूला घेतला, गाडी उचलली, जुनं चाक उतरवलं. तेवढ्यात एक बाई छोटी गाडी घेऊन आल्या. चाकातून खडखड आवाज येतोय, दोनच मिनिटं बघा, म्हणाल्या. बघितलं. नट सैल होते. त्यांचे नट लहान, म्हणून मी गनची गोटी बदलली आणि मोठी काळी गोटी तिथेच, मालाच्या गाडीच्या पहिल्या बाजूला ठेवली. काम करून दिलं आणि परत मालाच्या गाडीपाशी येऊन बसलो.

बसलो आणि कळलं की आता उठवणार नाही.

मोठी काळी गोटी गाडीच्या पलीकडे होती. घोडी माझ्या बाजूला दिसत नव्हती, म्हणजे माझ्याकडूनच लावायची राहिली होती. तीही आणायला उठावं लागणार होतं. साडू मागे जॅकच्या दांड्यापाशी, गाडीचं मागचं अंग मध्ये, ते दिसत नव्हते. त्यांना हाक मारली असती तर त्यांनी दोन्ही आणून दिलं असतं. पण हाक मारायचाही कंटाळा आला होता. असा कंटाळा येतो हे तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी खिशात हात घातला. सासऱ्यांची गोटी. माप तेच. एकच तर चाक आहे, म्हटलं. ही बया आहे ना, दोन मिनिटांत उरकेल.

नवं चाक जागेवर टेकवलं. भोकं आणि बोल्ट जुळायला चाक जरा वर उचलावं लागतं. त्यासाठी पहार आहे. ती कोपऱ्यात होती, म्हणून डाव्या हाताची बोटं टायरखाली घालून उचललं. नट हाताने लावायला तिसरा हात कुठून आणणार? नट गोटीत बसवला, गन उजव्या हातात धरली आणि नट बोल्टवर टेकवला. चष्मा कपाळावर होता.

आता हे सांगताना मलाच माझं थोबाड रंगवावंसं वाटतं. हे सगळं साडूंनी केलं असतं तर मी त्यांना महिनाभर झोपू दिलं नसतं.

गन गरगरली. नट तिरका धरला. तिने ठोके मारायला सुरुवात केली, ठकठकठक, मी खटक्यावरचं बोट काढलं नाही, आणि मग ताट आपटावं तसा आवाज झाला. सासऱ्यांची गोटी उभी फुटली. तिचा एक कपचा माझ्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर येऊन बसला.

अशा वेळी माणूस 'आई गं' म्हणतो. सगळं जग म्हणतं. पण माझ्या तोंडात दिवसभर दुसराच शब्द घोळलेला होता, आणि गाल पेटल्याबरोबर मी पोटातून ओरडलो, "लागलं!"

साडूंनी जॅक सोडला.

फुस्स आवाज मी ऐकला. त्याचा अर्थही मला कळला. फक्त हात काढायला वेळ नव्हता. टायर खाली आला, बोटांवर टेकला, आणि अजून खाली येऊ लागला. एवढा भरलेला माल, एवढी गाडी. तेवढ्या क्षणात मला कुणाचा चेहरा दिसला नाही की देव आठवला नाही. मला खालच्या मजल्यावरचे काका दिसले. वर्तमानपत्र धरायलाही दोन हात लागतात, असं काहीतरी मनात आलं.

मग खाली ठण् झालं आणि गाडी थांबली.

"वर घे!" मी ओरडलो. "अरे वर घे! मला लागलंय, मला! हात अडकलाय!"

'अरे' म्हणालो. 'घे' म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साडूंनी दांडा असा हापसला की गाडी उडते की काय वाटलं. टायर सुटला, मी हात ओढला आणि तिथेच मागे बसलो.

साडू धावत आले. त्यांना आधी माझ्या गालावरचं रक्त दिसलं, मग हात. मीही हात तेव्हाच नीट बघितला. तीन बोटं चपटी झाल्यासारखी, नखं निळी पडायला लागलेली. मी ती हलवून पाहिली. कळ टाळूपर्यंत गेली, पण हलली. तिन्ही हलली. मी त्यांना पुन्हा पुन्हा हलवत राहिलो, मला ते खरं वाटत नव्हतं.

"थांबली कशी?" मी विचारलं.

साडू खाली वाकले. मीही वाकून बघितलं. गाडीच्या पोटाखाली, मागच्या अंगाला, माझ्या बाजूने दिसणार नाही अशी, घोडी उभी होती.

"तुम्ही त्या छोट्या गाडीकडे गेलात ना," ते म्हणाले, "तेव्हा लावली मी. म्हटलं, नुसत्या जॅकवर ठेवली तर साडूभाऊ ओरडतील."

"मग सोडताना बघितलं नाही? घोडी खाली आहे ते?"

"विसरलो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा रडवेला झाला. "तुम्ही लागलं म्हणालात, मी सोडला. मीच लावली आणि मीच विसरलो हो."

या माणसाला मी रोज अक्कल विचारत आलो. त्या दिवशी तो एकदा लक्षात ठेवायला चुकला नाही आणि एकदा विसरायला चुकला नाही, आणि दोन्हीच्या मध्ये माझी बोटं वाचली. मला हसू आलं. हसताना गाल दुखला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मग थांबेना. साडू माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

"झालं का?" खोक्यावरून ड्रायव्हरने विचारलं. गोटी फुटल्याने तो जागा झाला नव्हता, शांततेने झाला होता.

"होतंय," साडू म्हणाले.

त्यांनी मला गार पाण्याची बादली आणून दिली. ड्रायव्हरने आपण होऊन खोका मोकळा केला. मी त्यावर बसलो, हात बादलीत, गालावर फडकं. बॅटरी काढून साडूंनी फुटकी गोटी उतरवली, तुकडे गोळा करून फळीवर ठेवले, फेकले नाहीत. पलीकडून काळी गोटी आणली. पहार घातली, चाक उचललं, एकेक नट हाताने फिरवून लावला. जो मी तिरका घातला होता त्याचे आटे बघून बोल्ट आधीच बदलून घेतला होता. चष्मा खाली ओढला. पाय रोवले, दोन्ही हातांनी गन धरली. समोरासमोरचे नट आळीपाळीने. मग टक् वाजणारा पाना. टक्. टक्. मी बघत होतो. काम चांगलं करतात, हे मला आधीच माहीत होतं. तोंडावर कधी म्हटलं नव्हतं इतकंच.

सगळं झाल्यावर त्यांनी घोडी ओढून काढली, वाकून गाडीखाली पुन्हा एकदा बघितलं, आणि सवयीने तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. शब्द बाहेर येईना.

"बसलं," ते शेवटी म्हणाले, आणि मागे जाऊन स्वतःच हळूहळू जॅक सोडला.

चाक बसलं, मी मनात म्हटलं. आता मीही बसणार. घरी.

ड्रायव्हर गेला. जाताना साडूंनी त्याला बजावलं, थोडं चालवल्यावर कुठेतरी थांबून नट पुन्हा तपासून घे, अंगावर झोप असेल तर आधी झोप घे. नाक्यावरच्या दवाखान्यात माझ्या गालाला चिकटपट्टी लागली आणि बोटांना बँडेज. हाड मोडलेलं नव्हतं. परत येऊन बघतो तर साडू खडूने भिंतीवर लिहीत होते. लागलं म्हणायचं नाही. बसलं म्हणायचं.

"आणि खरंच लागलं तर?" मी विचारलं.

"तर म्हणायचं. त्यासाठीच तर मोकळा ठेवला शब्द."

मी फळीवरचे गोटीचे तुकडे बघितले. "मी काही आता येत नाही, साडू," मी म्हणालो. "तुमच्या ताईला सांगतो. नाही जमलं, म्हणतो."

त्यांनी खडू ठेवला. कुठे ठेवला ते लगेच विसरणार होते, मला दिसत होतं. "गन मी धरतो," ते म्हणाले. "शेवटचा पाना मी ओढतो. तुम्ही नट हाताने लावा, बोटं बरी झाली की. घोडी बघा. आणि ओरडा. ओरडायला खांदा लागत नाही."

"तुम्हाला ओरडून घ्यायची हौस आहे का?"

"हौस कसली? आज घोडी मी का लावली? तुमचा आवाज डोक्यात बसलाय म्हणून. तुम्ही घरी बसलात तर तो किती दिवस टिकेल? मी विसराळू आहे. मला रोज कुणीतरी अक्कल आहे का म्हणून विचारायला हवं."

मी म्हटलं, "खडू गनच्या पेटीवर ठेवलाय तुम्ही," आणि शटर ओढायला गेलो. उजवा खांदा कुरकुरला. शटर साडूंनी ओढलं.

घरी बायकोने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. आधी गाल बघितला, मग हात.

"लागलं?" तिने विचारलं.

इतकी वर्षं हा प्रश्न आला की माझं उत्तर ठरलेलं. छे. काही नाही. खरचटलंय जरा. त्या दिवशीही 'छे' ओठांपर्यंत आलं.

"हो," मी म्हणालो. "लागलं. खूप लागलं. आणि खांदाही दुखतो, रोज दुखतो."

तिने मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, शर्टाची बटणं काढली, आधी दुखऱ्या खांद्याचा हात बाहेर काढला, मग जरा थांबली, मग दुसरा. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी तिला सांगितलं काय झालं ते, सगळं, सासऱ्यांच्या गोटीसकट. वडिलांची गोटी म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. हात राहिला ना."

"उद्या नाही, पण बोटं बरी झाली की जाणार मी," मी म्हणालो. "गन धरणार नाही. पाना ओढणार नाही."

"मग तिथे करणार काय?"

"नट लावणार. ओरडणार."

"ते घरीही करता," ती म्हणाली, आणि माझ्या मागे उभी राहून खांद्यावर अंगठा ठेवला. "इथे?"

"थोडं खाली. हं."

तिने दाबलं. मी डोळे मिटले.

"लागतंय?"

"लागतंय," मी म्हणालो. "पण थांबू नकोस."